एक पान, अनेक लेखण्या

जुन्या पेढ्यांवर कीर्द लिहिण्याचे काम एकाच माणसाकडे असे. दिवाणजी जेवायला उठले की वही मिटून गल्ल्याजवळ ठेवली जाई आणि ते परत येईपर्यंतचे व्यवहार कच्च्या चिठ्ठ्यांवर टिपले जात. सायंकाळी त्या चिठ्ठ्या कीर्दीत उतरत, रोकड मोजली जाई आणि मग खतावणीला हात लागे. या शिस्तीचे कारण साधे होते. एका पानावर एकाच वेळी दोघांनी लिहिले, तर रात्री मेळ बसत नाही, आणि चूक कोठे झाली हेही सापडत नाही.

हाच प्रश्न आता रुग्णालयांच्या वॉर्डांत येऊन उभा राहिला आहे. रुग्णाचा केसपेपर हळूहळू कागदावरून संगणकाच्या पडद्यावर जात आहे. तेथे एकाच रुग्णाच्या पानावर एकाच क्षणी दोन किंवा तीन परिचारिका वेगवेगळ्या ठिकाणी बसून लिहू शकतात. एक ताप आणि नाडी नोंदवते, दुसरी दिलेले औषध लिहिते, तिसरी पुढच्या पाळीसाठी टिपण तयार करते. सोय मोठी आहे. परंतु पेढीवर मेळ चुकला तर दुसऱ्या दिवशी शोधून दुरुस्त करता येतो; वॉर्डात चुकलेल्या मेळाची किंमत रुग्णाचे शरीर चुकवते. म्हणून हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वही लिहिली गेली, त्यांना तर तो सहज उमगावा असा आहे.

आरंभ एका गावापासून करू. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. शहापूर शहराजवळचे, मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. भातसा आणि तानसा या दोन जलाशयांमुळे शहापूर तालुक्याचे पाणी मुंबईच्या घराघरांत पोहोचते. मात्र याच तालुक्यातील आडबाजूच्या पाड्यावरील रुग्णाला डॉक्टरपर्यंत पोहोचायला आजही वेळ लागतो. अशा भागातील एखादी गरोदर स्त्री घेऊ. तिची पहिली नोंद गावातील आशा करते. उपकेंद्रातील ए.एन.एम., म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत नर्सबाई, तिचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहिते. प्रसूतीसाठी ती शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाली, तर तेथील अधिपरिचारिका नवे पान उघडते. गुंतागुंत उद्भवली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तिला महामार्गाने ठाण्याकडे नेते आणि तेथे आणखी एक पान सुरू होते. एक स्त्री, एक बाळंतपण आणि लिहिणारे हात किमान चार.

त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. सासर सापगावचे आणि माहेर मुरबाड तालुक्यातले असेल, तर एकाच स्त्रीची नोंद दोन्ही तालुक्यांत होण्याचा संभव असतो. कागदी नोंदवह्यांच्या काळात या दोन नोंदी एकमेकींना कधी भेटतच नसत. त्यांना जोडणारा दुवा एकच होता, तो म्हणजे त्या स्त्रीच्या पिशवीतील माता-बाल संरक्षण कार्ड. २००९ मध्ये केंद्र सरकारने माता आणि बालक यांचा मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली सुरू केली. पुढे तिची जागा आर.सी.एच. पोर्टलने घेतली. २०१६ पासून नर्सबाईंच्या हाती टॅब्लेट आणि त्यावर ‘अनमोल’ हे ॲप येऊ लागले. जेथे मोबाईलचे नेटवर्क मिळत नाही अशा पाड्यावरही त्यात नोंद करता येते. टॅब्लेट नेटवर्कमध्ये आला की ती नोंद मुख्य संगणकाकडे रवाना होते. पण या मधल्या काही तासांत, किंवा काही दिवसांत, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या कोणी त्याच स्त्रीची वेगळी नोंद केली असेल तर? दोन्ही नोंदी एकत्र येतात तेव्हा कोणती खरी मानायची, हा प्रश्न यंत्राला आपोआप सुटत नाही. रक्तदाब सोमवारी १२० होता आणि गुरुवारी १५० झाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. एकीने दुसरीला पुसून टाकले, तर वाढलेला रक्तदाब कोणाच्याच लक्षात येत नाही.

रुग्णालयांतही हेच वारे आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ आणि सी-डॅकची ‘ई-सुश्रुत’ या प्रणाली देशातील सरकारी रुग्णालयांत वापरल्या जातात. खासगी रुग्णालयांची स्वतःची सॉफ्टवेअरे असतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाला आणि ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक घराघरांत परिचित होऊ लागला. वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली जोडल्या जाव्यात, हा त्यामागचा हेतू. खाते क्रमांक एक झाला की खतावणी सोपी होते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. मात्र एका खात्यावर अनेकांनी लिहायचे असेल, तर लिहिण्याचे नियमही तितकेच पक्के असावे लागतात.

कागदी केसपेपरचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. अक्षर लागत नाही, पाने हरवतात, एक्स-रेला गेलेल्या रुग्णाबरोबर त्याचा कागदही जातो आणि मागे वॉर्डात कोणाला काहीच कळत नाही. परंतु त्या कागदाला एक गुण होता. तो एका वेळी एकाच्याच हातात असे. जी परिचारिका लिहीत असे तिला आधीच्या ओळी समोर दिसत. दुसरीला लिहायचे असेल तर ती थांबे, किंवा शेजारी उभी राहून विचारी. ही रखवाली कागद आपोआप करत होता, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. संगणकाने कागद काढून घेतला तेव्हा ही रखवालीही गेली, आणि ती पुन्हा मुद्दाम उभारावी लागली.

बँकांनी हा अनुभव रुग्णालयांच्या आधी घेतला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली आणि पुढे कोअर बँकिंगमुळे सर्व शाखा एका मुख्य संगणकाला जोडल्या गेल्या. तेव्हा जो धोका टाळावा लागला, तो असा. एका संयुक्त खात्यात १०,००० रुपये आहेत. पती एका शाखेत ४,००० काढतो, त्याच क्षणी पत्नी दुसऱ्या शाखेत ३,००० भरते. दोन्ही खिडक्यांवरील संगणकांनी शिल्लक १०,००० अशीच वाचली. पहिल्याने वजाबाकी करून ६,००० लिहिले, दुसऱ्याने बेरीज करून १३,००० लिहिले. जो नंतर लिहील त्याचा आकडा राहील. खरी शिल्लक ९,००० आहे, आणि ती कोठेच नाही. दोन्ही कारकुनांनी आपापले काम अचूक केले होते. तरी हिशेब खोटा ठरला, कारण एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली गाडली गेली.

आता हेच उदाहरण वॉर्डात न्यावे. समजा, मधुमेहाचा एक वृद्ध रुग्ण आहे. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी एक परिचारिका त्याचे पान उघडून ताप, नाडी आणि रक्तदाब भरू लागते. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून हाक येते आणि ती पान तसेच उघडे ठेवून जाते. १ वाजून ४४ मिनिटांनी दुसरी परिचारिका इन्सुलिन देते, दुसऱ्या संगणकावर त्याची नोंद करते आणि ती जतन होते. १ वाजून ५० मिनिटांनी पहिली परत येऊन आपले अर्धवट पान पूर्ण करते आणि जतन करण्याचे बटण दाबते. तिच्यासमोरचे पान १ वाजून ४० मिनिटांचे आहे. त्यात इन्सुलिनचा रकाना रिकामा आहे. सॉफ्टवेअर कच्चे असेल, तर तो रिकामा रकाना भरलेल्या रकान्यावर जाऊन बसतो. दोन वाजता पाळी बदलते. नवी परिचारिका पाहते, इन्सुलिन दिलेले दिसत नाही. ती कर्तव्यदक्ष आहे, म्हणूनच ती इन्सुलिन देते. रुग्णाला घाम सुटतो, रक्तातील साखर खाली जाते, शुद्ध हरपू लागते. तिघींपैकी एकीनेही हयगय केलेली नाही.

संगणकशास्त्रात या दोषाला ‘हरवलेली नोंद’ म्हणता येईल अशीच संज्ञा आहे, आणि त्यावरचा उपायही जुना आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर मूलभूत काम केले. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच झाला नाही असे मानावे. दोन व्यवहार एकाच वेळी चालले तरी परिणाम असा यावा, की जणू ते एकामागून एक झाले. आणि एकदा पूर्ण झालेला व्यवहार वीज गेली तरी पुसला जाऊ नये, ही त्या विचाराची सूत्रे. या कामासाठी ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज एटीएममधून पैसे काढताना किंवा रेल्वेचे तिकीट काढताना जी निश्चिंतता असते, तिच्यामागे हीच शिस्त आहे.

ही शिस्त पाळण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिली कुलुपाची. जो आधी पान उघडेल त्याच्या नावे कुलूप लागते आणि त्याचे काम होईपर्यंत इतरांना ते पान केवळ वाचता येते. दिवाणजींनी वही आपल्या मांडीवर घ्यावी, तसे हे. दुसरी रीत पडताळ्याची. कोणालाही पान उघडू द्यायचे, पण प्रत्येक वेळी पानाचा आवृत्ती क्रमांक सोबत द्यायचा. जतन करताना संगणक पाहतो, की तुम्ही घेतलेला क्रमांक आणि आत्ताचा क्रमांक एकच आहे का. नसेल, तर तो जतन करण्यास नकार देतो आणि मध्ये कोणी काय लिहिले ते दाखवतो. १९८१ मध्ये कुंग आणि रॉबिन्सन या संशोधकांनी ही दुसरी रीत मांडली. बहुतेक वेळा दोघांची गाठ पडत नाही, असे गृहीत धरून चालणारी ती रीत असल्याने तिला आशावादी रीत म्हणतात.

बँकेत कुलूप लागले तर ग्राहक क्षणभर थांबतो. वॉर्डात ते इतके सोपे नाही. परिचारिका पान उघडून बसली आणि अत्यवस्थ रुग्णाकडे धावली, तर कुलूप तिच्या नावे तसेच राहते. दुसरीला लिहिता येत नाही. मग ती काय करते? ती नोंद कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिते, कधी हातमोज्याच्या पुठ्ठ्यावर, कधी थेट तळहातावर. संगणक मोकळा झाला की उतरवू, असे म्हणते. तोवर पाळी संपते. कच्ची चिठ्ठी कीर्दीत उतरलीच नाही, तर पेढीवर जे होते तेच येथे होते. म्हणून जाणकार रचनाकार संपूर्ण केसपेपरला कुलूप लावत नाहीत. औषधांचा रकाना वेगळा, ताप-नाडीचा वेगळा, टिपणाचा वेगळा, असे भाग करून केवळ त्या-त्या भागापुरते, तेही थोड्या मुदतीचे कुलूप लावतात. मुदत संपली की ते आपोआप सुटते.

याहूनही महत्त्वाचे तत्त्व वहीच्या परंपरेतच आहे. कीर्दीत खाडाखोड करायची नाही, पान फाडायचे नाही. चूक झाली तर उलट नोंद घालून ती दुरुस्त करायची. कीर्द वाढतच जाते आणि शिल्लक तिच्यावरून काढली जाते. शिल्लक बदलते, नोंद बदलत नाही. रुग्णाची नोंदही अशी असावी. ‘इन्सुलिन दिले: होय किंवा नाही’ असा एकच रकाना ठेवून तो बदलत राहण्याऐवजी, ‘अमुक वेळी, अमुक मात्रेत, अमुक परिचारिकेने दिले’ अशी स्वतंत्र ओळ लिहिली जावी. दोघींनी एकाच क्षणी लिहिले तरी दोन ओळी होतील. एक दुसरीला झाकणार नाही. वरच्या उदाहरणातील पान पाटीसारखे होते, म्हणून घात झाला. ते कीर्दीसारखे असते, तर दोन वाजता आलेल्या परिचारिकेला इन्सुलिनची ओळ दिसलीच असती.

भारत सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके प्रथम २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. कोणी, केव्हा नोंद पाहिली किंवा बदलली, याचा मागमूस प्रणालीत राहिला पाहिजे, अशी अपेक्षा त्यांत आहे. कायद्यालाही ही दृष्टी नवी नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३४ ने नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदींना पुराव्यात स्थान दिले. मात्र केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येणार नाही, असेही बजावले. नियमितपणे ठेवलेली, या शब्दांतच सारे आले. जी वही सवडीने, आठवणीने आणि एकाच बैठकीत लिहिली गेली, तिच्यावर न्यायालय विश्वास ठेवत नाही; डॉक्टरनेही ठेवू नये.

येथे वेळेचा प्रश्न येतो. बँकेत व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी असू शकते, आणि व्याज कोणत्या तारखेपासून धरायचे यावर पैशांचा फरक पडतो. वॉर्डात हा फरक तासांचा आणि मिनिटांचा असतो. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. विषारी दंशाची लक्षणे दिसली की प्रतिविषाची पहिली मात्रा, साधारणतः ८ ते १० कुप्या, दिली जाते. रक्तावर विषाचा परिणाम झालेला असेल, तर रक्त गोठते की नाही हे वीस मिनिटांच्या चाचणीने पाहतात, आणि मात्रेनंतर सुमारे सहा तासांनी ती चाचणी पुन्हा करून पुढील मात्रेचा निर्णय होतो. आता प्रतिविष सकाळी ९ वाजता दिले, पण संगणक अडकलेला असल्याने त्याची नोंद ११ वाजता झाली, आणि प्रणालीने ११ हीच वेळ धरली, तर पुढची चाचणी दोन तास मागे पडेल. त्यातच रुग्णाला ठाण्याला हलवले, तर तेथील परिचारिका ११ पासूनच मोजेल. म्हणून प्रत्येक नोंदीत दोन वेळा हव्यात: कृती केव्हा झाली आणि ती केव्हा लिहिली गेली. उशिरा लिहिणे हा गुन्हा नव्हे. धावपळीत ते होणारच. उशिरा लिहिलेले वेळेवर लिहिल्यासारखे दिसणे, यात धोका आहे.

दुसरा धोका परवलीच्या शब्दाचा. वॉर्डात संगणक एक, परिचारिका चार, आणि प्रत्येक वेळी बाहेर पडून नव्याने आत शिरायला मिनिट-दोन मिनिटे लागत असतील, तर सर्वजणी एकीच्याच नावाने लिहू लागतात. बहुधा ते नाव परिसेविकेचे असते. बँकेत एकाच्या परवलीच्या शब्दाने दुसऱ्याने नोंद केली, तर त्याची चौकशी होते. तेथे नोंद करणारा एक आणि तपासून मंजूर करणारा दुसरा, ही पद्धत रुजायला अनेक वर्षे आणि अनेक अपहार लागले. रुग्णालयात एकाच नावाखाली चौघींचे काम गेले, तर औषध कोणी दिले हे विचारायचे कोणाला, याचे उत्तर उरत नाही. ज्या परिचारिकेच्या नावाने सारे लिहिले गेले, तिच्यावर उद्या न केलेल्या कृतीचा ठपका येऊ शकतो. हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि रुग्णाची असुरक्षितताही.

दोन परिचारिकांनी एकाच वेळी एका नोंदीत हात घालणे नेहमीच धोक्याचे असते, असे मात्र समजू नये. रक्त चढवताना पिशवीवरील गट, क्रमांक आणि रुग्णाचे नाव दोघांनी स्वतंत्रपणे पडताळून सह्या करण्याची रीत आहे. इन्सुलिन, हेपारिन, तीव्र पोटॅशियम यांसारख्या धोक्याच्या औषधांसाठीही अनेक रुग्णालये हाच नियम पाळतात. ही बँकेतील दुहेरी सहीचीच बहीण. चांगली प्रणाली अशा ठिकाणी दोन वेगवेगळ्या नावांनी प्रवेश झाल्याशिवाय नोंद पुढे जाऊ देत नाही. म्हणजे जेथे दोघी हव्यात तेथे दोघींना आणणे आणि जेथे एकीचे लिहिणे दुसरीला झाकेल तेथे सावध करणे, ही दोन्ही कामे सॉफ्टवेअरची आहेत.

आणि ते सॉफ्टवेअर कसे असावे, हे वॉर्डात उभे राहणाऱ्या माणसाइतके कोणालाच कळत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील टोपीका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक नावाच्या परिचारिका होत्या. १९९२ मध्ये भाड्याची मोटार परत करताना त्यांनी पाहिले, की तेथील कर्मचारी हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचून क्षणात नोंद करतो. मोटारीसाठी हे होत असेल तर रुग्णाच्या औषधासाठी का नाही, असा प्रश्न त्यांनी आपल्या रुग्णालयात मांडला. रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन दोन्ही वाचूनच औषध द्यायचे आणि त्याच क्षणी नोंद व्हायची, ही पद्धत त्यातून उभी राहिली आणि पुढे त्या देशातील माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत गेली. औषध देणे आणि लिहिणे यांतील अंतरच तिने मिटवले. हरवलेल्या नोंदीवर याहून नेमका उपाय क्वचित सुचला असेल.

आता प्रश्न उरतो, तो वाचकांच्या वाट्याचा. घरचे माणूस दाखल असताना काही साध्या गोष्टी करता येतात. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, मात्रा आणि वेळांसह, दाखल होताना द्यावी आणि ती नोंदली गेली का हे विचारावे. रुग्णाजवळ थांबणाऱ्याने एक छोटी वही ठेवून कोणते औषध केव्हा दिले ते टिपावे. ती वही परिचारिकेला पकडण्यासाठी नसते. पाळी बदलताना शंका आली, तर ‘सिस्टर, हे दीड-पावणेदोनला एकदा दिले होते’ एवढे सांगता यावे म्हणून असते. परिचारिका औषधे काढत असताना किंवा नोंद करत असताना तिला मध्येच बिलाविषयी विचारू नये. वरच्या उदाहरणातील अनर्थ एका हाकेनेच सुरू झाला होता. घरी जाताना नोंदींची प्रत मागावी. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जतन करायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात. गरोदर मुलगी माहेरी येत असेल, तर सासरच्या नर्सबाईंनी दिलेले कार्ड पिशवीत सर्वांत वर असावे आणि माहेरच्या नर्सबाईंना आधीची नोंद आहे हे प्रथम सांगावे.

याखेरीज व्यापारी कुटुंबांच्या हाती एक मोठी गोष्ट आहे. रुग्णालयांना देणगी देण्याची रीत या घरांत जुनी आहे. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत खाटा, डायलिसिसचे यंत्र, रुग्णवाहिका, शीतपेटी अशा वस्तूंसाठी दाते पुढे येतात; त्यांवर नाव कोरता येते आणि फोटोही निघतो. संगणकाच्या नोंदीसाठी लागणाऱ्या वस्तूंकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वॉर्डात दुसरा संगणक, खाटेजवळ ढकलत नेता येईल अशी चाकाची मेजे, वीज गेली तरी चालणारी बॅटरीची सोय, मनगटपट्ट्या छापणारा छोटा प्रिंटर, परिचारिकांच्या प्रशिक्षणाचे चार दिवस आणि त्या दिवसांत त्यांच्या जागी काम करणाऱ्यांचे मानधन, यांचा खर्च एखाद्या मोठ्या यंत्राच्या तुलनेत किरकोळ असतो. पण चौघींना एका संगणकापुढे रांग लावावी लागली नाही, तर चिटोऱ्यावर लिहिण्याची वेळ येत नाही आणि एकीच्या नावाने सर्वांना लिहावे लागत नाही.

ज्यांच्या घरातील कोणी रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, त्यांनी सॉफ्टवेअर विकत घेताना विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. एकाच रुग्णाचे पान दोघींनी उघडले तर काय होते, ते आमच्यासमोर दोन संगणकांवर करून दाखवा. चुकीची नोंद दुरुस्त केली तर मूळ नोंद दिसते का? औषध दिल्याची वेळ आणि नोंदीची वेळ वेगळी लिहिता येते का? दुकानासाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर घेताना कोणताही व्यापारी यापेक्षा अधिक खोलात जातो. विक्रेत्याने दोन संगणकांवर ते करून दाखवताना त्या वॉर्डाच्या परिसेविकेला खुर्ची देऊन बैठकीत बसवावे, आणि सकाळी आठ वाजता पाळी बदलताना तुमच्याकडे एकाच वेळी किती जणी लिहीत असतात, हे तिलाच विचारावे. तिने सांगितलेला आकडा खरेदीच्या यादीत सर्वांत आधी लिहावा.